ठिणगी ते अर्थिंग : घरगुती झटक्यांचा इतिहास

थंडीच्या दिवसांत लोकरीचा स्वेटर डोक्यावरून काढताना चटचट असा आवाज होतो. खोलीत अंधार असेल तर बारीक निळसर ठिणग्याही दिसतात. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की बोटाच्या टोकाला चिमटा बसतो. मोटारीतून उतरून दार लोटतानाही हाच अनुभव येतो. अशा वेळी आपण म्हणतो, ‘शॉक बसला.’ वैशाखात पाणी भरताना लोखंडी कूलरला हात लागतो आणि सारा हात झिणझिणून जातो, तेव्हाही आपण ‘शॉक बसला’ असेच म्हणतो. रायपूरच्या बोलण्यात तर दोन्हींसाठी ‘करंट लागला’ एवढे पुरते. भाषेने एकाच नावाखाली ठेवलेल्या या दोन गोष्टींपैकी पहिली हसण्यावारी नेण्याजोगी आहे. दुसरी प्राण घेऊ शकते.

या दोहोंचे नाते काय आणि त्यांच्यात भेद तो कोणता, हे कळायला माणसाला फार मोठा काळ लागला. त्या शोधाचा इतिहास मुख्यतः घरगुती वस्तूंचा आहे. काचेची नळी, रेशमाचा दोरा, गंधकाचा गोळा, पाण्याची बाटली, पतंग, कुलपाची किल्ली या सामग्रीवर विद्युतशास्त्र उभे राहिले. शाळेत शिकताना आपण त्यातील नियम पाठ केले. त्या नियमांमागची माणसे आणि त्यांचे घरगुती उपद्व्याप मात्र बहुधा पुस्तकाबाहेरच राहिले. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्यांची ओळख करून घ्यावी, आणि ती आपल्या आजच्या घराशी कशी जोडली जाते तेही पाहावे, एवढा या लेखाचा हेतू आहे.

गवत ओढणारा मणी

अंबर हा वृक्षांच्या राळेचा लक्षावधी वर्षांनी झालेला खडा. तो लोकरीवर घासला की गवताच्या काड्या, पिसे, भुसा यांना ओढून घेतो. ग्रीक परंपरा या निरीक्षणाचे श्रेय इसवी सनापूर्वी सुमारे ६०० वर्षे होऊन गेलेल्या मायलीटसच्या थेलीझला देते. अंबराचे ग्रीक नाव ‘इलेक्ट्रॉन’. पुढे विजेच्या बहुतेक युरोपीय नावांचा उगम याच शब्दातून झाला.

आपल्याकडेही हा गुण नजरेतून सुटलेला नव्हता. संस्कृतात अंबराला ‘तृणमणि’ म्हणतात, म्हणजे गवत ओढणारा मणी. फारसीतला ‘कहरुबा’ हा शब्दही तेच सांगतो : काडी पळवणारा. मात्र नाव देणे वेगळे आणि कारण शोधणे वेगळे. वैशेषिक सूत्रांत लोहचुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचा उल्लेख येतो आणि त्या गतीचे कारण ‘अदृष्ट’ असल्याचे म्हटले आहे. त्या काळी उपलब्ध साधनांनी याहून पुढे जाणे अवघडच होते. आपल्या पूर्वजांना वीज ठाऊक होती असा दावा यावरून करू नये. त्यांचे डोळे उघडे होते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

ही स्थिती जवळपास दोन हजार वर्षे टिकली. १६०० साली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट याने चुंबकत्वावरील आपल्या लॅटिन ग्रंथात एक साधी पण महत्त्वाची गोष्ट केली. टेकूवर हलकी सुई ठेवून त्याने नाना पदार्थ घासून तिच्याजवळ नेले. काच, गंधक, राळ, लाख, कित्येक रत्ने हे सारे अंबरासारखेच वागतात आणि हा गुण चुंबकाच्या गुणाहून निराळा आहे, हे त्याने दाखवले. एका मण्याचा चमत्कार म्हणून जे समजले जात होते तो पदार्थांच्या एका मोठ्या वर्गाचा सामान्य गुण ठरला. अशा पदार्थांना त्याने ‘अंबरासारखे’ या अर्थाचा लॅटिन शब्द वापरला. आपण सर्रास वापरत असलेल्या ‘इलेक्ट्रिक’ या शब्दाचे मूळ तेच.

रंगारी आणि रेशमी दोर

सतराव्या शतकात जर्मनीतील माग्डेबुर्ग शहराचा ऑटो फॉन गेरिके याने गंधकाचा गोळा आसावर बसवला आणि फिरवताना हाताने घासून त्यात प्रभार निर्माण केला. पुढे काचेचे गोळे आले, काचेची चाके आली आणि ‘विद्युतयंत्र’ नावाचे खेळणे युरोपच्या दिवाणखान्यांत पोहोचले. तरीही एक प्रश्न कोणी विचारला नव्हता. घासलेल्या वस्तूतील हा गुण तिथेच राहतो की दुसरीकडे जाऊ शकतो?

तो विचारणारा स्टीफन ग्रे हा पंडित नव्हता. कँटरबरीचा तो कपडे रंगवणारा कारागीर. उतारवयात लंडनच्या एका धर्मादाय निवासात राहत होता. १७२९ मध्ये त्याने काचेची नळी घासली, तेव्हा नळीच्या तोंडातील बुचानेही पीस ओढून घेतल्याचे त्याच्या ध्यानात आले. बूच तर घासलेच नव्हते! मग त्याने बुचात काडी खोवली, काडीला दोरी बांधली आणि दोरी लांबवत नेली. तागाच्या दोरीतून हा गुण शेकडो फूट दूर जाऊ लागला. दोरी टांगायला बारीक रेशमी दोरे वापरले तर प्रयोग साधे. पितळेच्या तारेने टांगली की सारे निष्फळ होई. बारीकपणाचा येथे काही संबंध नव्हता. रेशीम वीज अडवते आणि धातू तिला वाट देतो, हे त्यातून उघड झाले. सुवाहक आणि दुर्वाहक ही आपल्या पाठ्यपुस्तकातील जोडी अशी जन्माला आली.

१७३० मध्ये ग्रेने एका मुलाला रेशमी दोरांनी आडवे टांगले आणि घासलेली नळी त्याच्या पायांजवळ नेली. मुलाच्या तोंडाकडे व हातांकडे सोनेरी वर्खाचे तुकडे उडू लागले. माणसाचे शरीर विजेचे वाहक आहे, याचा हा पहिला ठळक पुरावा. आपल्याला बसणाऱ्या प्रत्येक झटक्याचे मूळ याच सत्यात आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १७३३ मध्ये, फ्रान्सच्या द्यू फे याने विजेचे दोन प्रकार असून सारखे प्रकार एकमेकांना दूर लोटतात आणि विरुद्ध प्रकार जवळ ओढतात, असे दाखवले. केस विंचरल्यावर ते पिंजारून का उभे राहतात याचे उत्तर यात आहे : प्रत्येक केसावर एकाच जातीचा प्रभार असतो, म्हणून केस एकमेकांपासून दूर पळतात.

बाटलीत साठवलेली वीज

१७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर सैन्यासह रतनपुरास पोहोचले आणि छत्तीसगडचा मराठी राज्याशी संबंध जडला. त्यानंतर चार-पाच वर्षांतच युरोपात विजेच्या इतिहासाला धोक्याचे वळण मिळाले. तोवर ठिणगी ही करमणूक होती. १७४५ मध्ये फॉन क्लाइस्ट या धर्मोपदेशकाने, आणि त्यापाठोपाठ हॉलंडमधील लायडन येथील प्राध्यापक मुशेनब्रूक याने, पाण्याच्या काचपात्रात वीज साठवता येते हे शोधले. पात्र हातात धरून आत सोडलेल्या तारेला दुसऱ्या हाताने स्पर्श करताच मुशेनब्रूकला असा हादरा बसला की, सारे फ्रान्सचे राज्य दिले तरी आपण हा प्रयोग पुन्हा करणार नाही, अशा आशयाचे त्याने मित्राला कळवले.

लोकांनी मात्र तो पुन्हा पुन्हा केला. फ्रान्समध्ये नोले या विद्वान धर्मगुरूने राजासमोर १८० शिपायांना हातात हात देऊन उभे केले आणि साठवलेली वीज त्यांच्यातून सोडली. सगळ्यांनी एकदम उडी मारली. पुढे मठातील साधूंच्या रांगेवरही हाच प्रयोग झाला. करमणूक आणि अपघात यांमधली रेषा किती बारीक आहे याची जाणीव बेंजामिन फ्रँकलिनला स्वतःच्या शरीरावर झाली. १७५० च्या डिसेंबरात दोन मोठ्या लायडन पात्रांनी टर्की कोंबडा मारून दाखवण्याच्या तयारीत असताना सारी वीज त्याच्याच हातांतून गेली आणि तो काही काळ बधिर होऊन पडला.

धन आणि ऋण या संज्ञा फ्रँकलिनच्याच. विजेचा लोळ आणि बोटावरची ठिणगी एकाच जातीच्या आहेत, ही त्याची कल्पना फ्रान्समध्ये मार्ली येथे १० मे १७५२ रोजी लोखंडी कांब उभारून प्रथम पडताळली गेली. त्याच वर्षी फ्रँकलिनने पतंगाचा प्रयोग केला. पतंगाची भिजलेली दोरी, तिला बांधलेली किल्ली आणि हातात धरलेली कोरडी रेशमी फीत ही त्याची सामग्री. म्हणजे ग्रेने शिकवलेला धडाच त्याने आकाशाला लावला. पुढच्या वर्षी सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमन या शास्त्रज्ञाने छतावरील कांबेची तार घरात उपकरणापर्यंत आणली होती. ती जमिनीपर्यंत नेलेली नव्हती. वादळात तो उपकरणाजवळ वाकला असता कांबेतून आलेल्या विजेने त्याचा बळी घेतला. फ्रँकलिनच्या तडितरक्षकात तार जमिनीत खोल पुरलेली असते. ‘विजेला जमिनीकडे जायला माणसापेक्षा सोपी वाट करून द्या’ हे तत्त्व येथे प्रथम प्राणाचे मोल देऊन शिकले गेले. आपल्या घरातील अर्थिंगच्या तारेचा हा पूर्वज.

तंजावरचे विद्युतयंत्र

हे सारे युरोपात घडत असताना मराठी माणसाने ते कधी पाहिले? याचे एक समाधानकारक उत्तर तंजावरला मिळते. तेथील भोसले घराण्यातील सरफोजी राजे दुसरे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते. राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावर त्यांनी आपली बुद्धी ग्रंथांकडे, वैद्यकाकडे आणि शास्त्राकडे वळवली. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांच्यामुळे नावारूपाला आले. देवनागरी छापखाना काढून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या कथा मराठीत छापवल्या. त्यांच्या संग्रहात वायुपंप, हस्तिदंताचा मानवी सापळा, खगोलीय उपकरणे आणि त्यांच्याच शेजारी एक विद्युतयंत्र असल्याचे त्या काळच्या युरोपीय पाहुण्यांनी नोंदवले आहे.

असे यंत्र म्हणजे काचेची तबकडी किंवा नळकांडे, ते फिरवायची मूठ, घासायला चामड्याची उशी आणि प्रभार गोळा करायला पितळी दांडा. विजेचे दिवे यायला अजून अनेक दशके होती. मराठी घराण्याच्या एका महालात त्याआधीच घर्षणाची ठिणगी पाहण्याची सोय होती, ही गोष्ट आपल्या इतिहासपुस्तकांत फारशी येत नाही. महाराष्ट्रापासून दूर, परभाषेच्या प्रदेशात राहूनही मराठी टिकवणारे आणि त्याच वेळी जगाच्या ज्ञानाला दार उघडे ठेवणारे तंजावरचे उदाहरण रायपूरच्या मराठी शाळेला जवळचे वाटावे असे आहे.

सरफोजी निवर्तले त्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले. १८४० मध्ये त्यांनीच ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यात शास्त्रीय विषयांना जागा दिली. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी शाळांसाठी पदार्थविज्ञानाची मराठी पुस्तके लिहिली. घर्षण, वाहक, प्रभार, विभव हे शब्द मराठीत अशाच प्रयत्नांतून हळूहळू रुळले. राजाच्या संग्रहातील यंत्र एका महालापुरते राहिले. पुस्तकातला शब्द वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला.

वीज एक, प्रमाणे निराळी

१७९१ मध्ये इटलीच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या मेलेल्या पायात धातूंच्या स्पर्शाने हालचाल होते हे प्रसिद्ध केले. त्याचा देशबांधव व्होल्टा याने वाद घालत घालत १८०० साली जस्त व चांदी यांच्या चकत्या खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यासह एकावर एक रचल्या आणि जगातील पहिली विद्युतघटमाला तयार केली. लायडन पात्रातील वीज एका क्षणात संपत असे; व्होल्टाच्या रचनेतून ती सतत वाहू लागली. १८३१ मध्ये मायकेल फॅरेडेने चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण केली. आता प्रश्न उभा राहिला : काच घासून येणारी वीज, घटमालेतील वीज, चुंबकातील वीज आणि विद्युतमासोळीची वीज या चार निराळ्या गोष्टी आहेत की एकच?

पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून शिकलेल्या फॅरेडेने १८३३ मध्ये या प्रश्नाचा पद्धतशीर निकाल लावला. प्रत्येक प्रकारच्या विजेने तेच परिणाम घडतात का, हे त्याने एकेक करून तपासले. वीज एकच आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. फरक राशीत आणि तीव्रतेत असतो. घर्षणाच्या विजेची तीव्रता फार, राशी अगदी थोडी. घटमालेच्या विजेची तीव्रता कमी, राशी मात्र मोठी. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने या साऱ्यामागील कण ओळखला. त्याला नाव मिळाले इलेक्ट्रॉन. तृणमण्याचेच नाव पुन्हा परत आले.

फॅरेडेचा हा निष्कर्ष आजच्या आकड्यांत मांडला की स्वेटर आणि कूलर यांतील भेद लख्ख दिसतो. कोरड्या हवेत एक मिलिमीटरचे अंतर ओलांडायला ठिणगीला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे बोटाला जाणवणारा चिमटा काही हजार व्होल्टांचा असतो आणि गालिच्यावरून चालत गेलेल्या माणसाच्या अंगावर १०,००० व्होल्टही साचू शकतात. घरातील पुरवठा केवळ २३० व्होल्टांचा. मग भीती कशाची? उत्तर राशीत आहे. १०,००० व्होल्टांवरही शरीरावर साठलेला प्रभार एका कूलॉमच्या दहा लाखाव्या भागाच्या एक-दोन पट इतकाच असतो आणि तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात निघून जातो. त्यातील सारी ऊर्जा काही हजारांश जूल. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायलाच ४.२ जूल लागतात. याउलट भिंतीतील तारेमागे वीजकेंद्र उभे असते आणि त्याचा साठा संपत नाही. शरीरातून १०० मिलिअँपिअरचा प्रवाह एक सेकंद वाहिला तरी ठिणगीच्या पन्नास हजार पटींहून अधिक प्रभार हृदयाजवळून जातो. एवढा प्रवाह हृदयाची लय मोडायला पुरेसा आहे.

शेणाने सारवलेल्या जमिनीपासून प्लास्टिकच्या खुर्चीपर्यंत

ठिणगीचे असे झटके आपल्या पणजीच्या काळी क्वचितच बसत असतील, आणि त्यामागचे कारण सरळ आहे. दोन निराळे पदार्थ एकमेकांना चिकटून वेगळे झाले की एकाचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे राहतात. घासल्याने हा स्पर्श अधिक जागी होतो, इतकेच. हे इलेक्ट्रॉन नेमके कसे व का हलतात याचा तपशील आजही संशोधनाचा विषय आहे. झटका बसण्यासाठी मात्र प्रभार निर्माण होणे पुरेसे नसते. तो शरीरावर साचूनही राहावा लागतो. सुती लुगडे, अनवाणी पाय आणि शेणाने सारवलेली ओलसर जमीन असेल तर प्रभार साचण्यापूर्वीच मातीत उतरतो.

अपवाद होता तो सोवळ्याचा. लोकरीची धाबळी आणि रेशमी कद ही दोन्ही वस्त्रे ग्रेच्या रेशमी दोरासारखीच विजेची दुर्वाहक. कोरड्या थंडीत धाबळी झटकताना होणारी चटचट आणि स्वेटरमधून येणारी चटचट एकाच कुळातली.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास नायलॉन आणि टेरिलिन यांचा शोध लागला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत नायलॉनच्या साड्या, टेरिकॉटचे शर्ट आपल्या घरांत आले. मागोमाग फोमच्या गाद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, रबरी तळव्यांचे बूट आणि सिंथेटिक ब्लँकेटे आली. चकचकीत कोरड्या फरशीने सारवलेल्या जमिनीची जागा घेतली. शरीर आणि जमीन यांच्यामध्ये आपण नकळत दुर्वाहकांचे थर रचले. बागेतील प्लास्टिकच्या घसरगुंडीवरून उतरलेल्या मुलाचे केस उभे राहतात, तेव्हा ते मूल ग्रेच्या टांगलेल्या मुलाचाच प्रयोग करत असते.

यावरचे उपायही सोपे आहेत. मोटारीतून उतरताना दाराच्या धातूला हात लावूनच पाय जमिनीवर टेकवावा. कडीला बोटाऐवजी हातातील किल्ली आधी लावावी. ठिणगी किल्लीच्या टोकाशी पडते आणि बोट वाचते. सुती कपडे, सुती मोजे आणि हातांना थोडेसे तेल यांनीही फरक पडतो. आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे हवेतील ओलावा. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अदृश्य थर जमतो आणि प्रभार त्यावरून निसटून जातो. म्हणूनच रायपूरच्या श्रावणात स्वेटरची गंमत करून पाहू म्हटले तरी साधत नाही. सूतगिरण्यांना हे फार पूर्वी कळले होते. कोरड्या हवेत धाग्याचे तंतू प्रभारित होऊन फिसकारतात आणि तुटतात. नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रे भारतात अगदी आरंभीच्या काळात बसवली गेली. राजनांदगावच्या जुन्या बी.एन.सी. मिलसारख्या प्रत्येक कापड गिरणीला उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत याच अडचणीशी गाठ असे.

कूलरचा झटका

आता उन्हाळ्याकडे वळू. चैत्र-वैशाखात रायपूरची हवा थंडीपेक्षाही कोरडी असते. त्या दिवसांत अंगावर सुती कपडे असतात, घाम असतो आणि खिडकीत कूलर असतो. कूलर वाऱ्याबरोबर ओलावा आणतो, त्यामुळे घर्षणाची ठिणगी जवळपास नाहीशी होते. पण ज्या पाण्याने पहिला झटका जातो, तेच पाणी दुसऱ्या झटक्याला वाट करून देते. पंपाची किंवा मोटारीची तार जुनी होऊन तिचे आवरण फाटले की लोखंडी पेटीत वीज उतरते. कोरडी त्वचा प्रवाहाला बराच अडथळा करते. ओली त्वचा तो अडथळा फार कमी करते. हातात पाण्याचा पाइप, पायाखाली ओली फरशी, पाय अनवाणी. पणजीच्या काळी जमिनीवरचे हेच अनवाणी पाय तिला ठिणगीपासून वाचवत; येथे तेच पाय प्रवाहाची वाट पूर्ण करतात.

दोन्ही झटके अनुभवावरून ओळखता येतात. घर्षणाचा झटका एकदाच, स्पर्शाच्या क्षणी, टोकदार असतो. प्रभार निघून गेला की ती वस्तू निरुपद्रवी होते. गळतीची वीज स्पर्श असेतोवर झिणझिणत राहते आणि प्रत्येक वेळी जाणवते. फ्रीज, कूलर, गीझर, वॉशिंग मशीन किंवा लोखंडी कपाटाला चिकटून गेलेली तार यांपाशी अशी झिणझिण एकदाही जाणवली, तर पुन्हा हात लावून खात्री करून घेऊ नये. मेन स्विच बंद करावा, प्लग काढावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. थंडीतल्या चिमट्याची सवय झालेले घर उन्हाळ्यातील झिणझिणीलाही ‘थोडासा करंट येतो’ म्हणून सोडून देते. एकाच शब्दाने दोन गोष्टी झाकल्याचा खरा तोटा तो हा.

यावरचा पहिला उपाय रिखमनच्या मृत्यूने शिकवलेलाच आहे : भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधील जाड आणि लांब पिन अर्थिंगची असते. ती लांब ठेवली आहे ती वीज येण्यापूर्वी जमिनीशी नाते जुळावे म्हणून. ती तोडून किंवा दोन पिनांचा जोड लावून कूलर चालवणे म्हणजे या साऱ्या इतिहासावर पाणी ओतणे. रायपूरच्या आसपास कन्हार आणि मटासी मातीबरोबर भाटा, म्हणजे मुरमाड जमीनही आहे. अशी जमीन उन्हाळ्यात लवकर वाळते आणि अर्थिंग कमकुवत होते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरण्याची आणि उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी रीत अजूनही कामाची आहे.

दुसरा उपाय अलीकडचा. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चार्ल्स डॅल्झिएल यांनी किती प्रवाहानंतर माणसाचे स्नायू आखडतात आणि हात सोडवता येत नाही, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हा धोका सुरू होतो. त्या अभ्यासातून १९६१ मध्ये त्यांनी गळतीचा प्रवाह हेरून वीज तोडणारे साधन तयार केले. आपल्याकडे वीजफलकावर बसवले जाणारे आरसीसीबी याच तत्त्वावर चालते. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ते सेकंदाच्या अल्पांशात पुरवठा बंद करते. साधा फ्यूज किंवा एमसीबी हे काम करत नाही. ते तारेला वाचवतात, माणसाला वाचवणारे साधन हे आहे.

ठिणगीचे इतर व्यवहार

घर्षणाची ठिणगी स्वतः निरुपद्रवी असली तरी तिच्या शेजारी काय आहे हे पाहावे लागते. पेट्रोलची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर एक हजारांश जूलच्या चौथ्या भागाइतकी ऊर्जाही ती पेटवायला पुरते. अंगावरची ठिणगी याहून कितीतरी मोठी असू शकते. म्हणून पेट्रोल भरत असताना मध्येच गाडीत बसून पुन्हा उतरू नये आणि नळीला हात लावण्यापूर्वी गाडीच्या धातूला स्पर्श करावा. टँकर रिकामा करताना आधी अर्थिंगची तार जोडतात तीही यासाठीच.

हीच शक्ती कामालाही लावता येते. १९०८ च्या सुमारास अमेरिकेतील फ्रेडरिक कॉट्रेल यांनी धुरातील कणांना प्रभारित करून विरुद्ध प्रभाराच्या पट्ट्यांवर गोळा करण्याची युक्ती व्यवहारात आणली. कोरब्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या चिमण्यांतून बाहेर पडू पाहणारी राख अशाच यंत्रांनी अडवली जाते. उरला-सिलतराच्या बाजूने येणारी काजळी गच्चीवरून झाडणाऱ्या रायपूरकरांना या यंत्राचे मोल समजावून सांगायला नको. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो आणि हे अवाढव्य यंत्र राख उचलते; नियम दोन्हीकडे एकच. फोटोकॉपीच्या यंत्रात शाईची पूड कागदावर बसते तीही याच आकर्षणाने.

आणि आकाशातील ठिणगी? ढगातील बर्फाच्या कणांच्या टकरींतून प्रभार वेगळे होतात आणि दहा हजारो अँपिअरचा प्रवाह क्षणात जमिनीवर उतरतो. छत्तीसगडच्या भातशेतांत ती दरवर्षी बळी घेते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप परिसरातील विजांची सूचना देते. गावाकडील नातलगांच्या आणि घरी कामाला येणाऱ्या मंडळींच्या फोनवर ते घालून देणे हे काही मिनिटांचे काम आहे.

आपल्या पिढ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची दांडी रेशमावर आणि एबोनाइटची दांडी लोकरीवर घासली. सुवर्णपत्र विद्युतदर्शीची दोन पाने फाकलेली पाहिली. बाहेर हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या गावात ‘प्रभार’, ‘सुवाहक’, ‘भूसंपर्कन’ हे शब्द आपल्याला मराठीतून मिळाले. परीक्षेनंतर ते वहीत राहिले असतील, तर त्यांना घरात आणण्याची वेळ अजून गेलेली नाही. ‘चिमटा’ आणि ‘गळती’ असे दोन वेगळे शब्द घरातील मुलांना दिले तरी पुष्कळ साधेल. चिमटा बसला तर त्यांनी हसावे आणि कारण शोधावे. गळती जाणवली तर हात मागे घेऊन मोठ्यांना हाक मारावी. येत्या चैत्रात माळ्यावरून कूलर उतरवाल तेव्हा त्याची तार, तीन पिना आणि घराचे अर्थिंग एकदा तपासून घ्या, आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढण्याची शिस्त घरातील प्रत्येकाला लावा.